राजारामपुरीतलं ॲक्युपंक्चर केंद्र: सुईला चांगले गुण, भिंतीवरच्या तक्त्याला कमी

आधी निकाल सांगतो. कंबर, गुडघा, मान किंवा मनगट महिनोन्‌महिने दुखतंय, तपासणीत काही घातक निघालेलं नाही आणि गोळ्या खाऊन पोटाची आग होते, अशा माणसानं कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या या केंद्रात सहा सिटिंग घेऊन बघायला हरकत नाही. शुगर ‘मुळापासून’ घालवायला, वजन उतरवायला किंवा प्रतिकारशक्ती वाढवायला जाणार असाल तर पैसे खिशातच राहू द्या. केंद्राचं नाव मुद्दाम देत नाही. शाहूपुरीत जा, ताराबाई पार्कात जा, बघायच्या गोष्टी याच आहेत आणि त्या बघता आल्या की नावाची गरज पडत नाही.

केंद्र पहिल्या मजल्यावर आहे, जिना अरुंद, लिफ्ट नाही. निम्मे पेशंट गुडघ्याचे, त्यामुळे यावर तिथं रोज विनोद होतात, उपाय मात्र कुणी करत नाही. आत चार कॉट, मध्ये पडदे. येणाऱ्यांत शिरोलीच्या फौंड्रीतले कामगार, गुजरीतले कारागीर, हुपरीहून येणाऱ्या चांदीकामातल्या बायका आणि एखादा खांदा धरून बसलेला पैलवान. सकाळी गर्दी कमी असते.

सुईपासून सुरुवात करू, कारण सगळं तिथंच आहे. इथं ०.२५ मिलिमीटर जाडीच्या सुया वापरतात. लांबी २५ किंवा ४० मिलिमीटर. नितंबासाठी थोडी जाड आणि लांब. इंजेक्शनची २६ नंबरची सुई ०.४५ मिलिमीटर जाड असते, २३ नंबरची ०.६. शिवाय ती पोकळ आणि टोकाला तिरकी छाटलेली, म्हणजे कातडी कापत आत जाते. ॲक्युपंक्चरची सुई भरीव आणि निमुळती. ती कापत नाही, तंतू बाजूला सारते. म्हणून रक्त क्वचित येतं आणि आलं तरी थेंबभर.

पाकीट सीलबंद आहे का, मुदत उलटली आहे का, हे बघा आणि ते आपल्यासमोर फाडायला सांगा. एका पाकिटात पाच सुया आणि एकच प्लास्टिकची गाईड ट्यूब येते. ती ट्यूब त्या पेशंटबरोबरच कचऱ्यात गेली पाहिजे. इथं जाते. शहरात काही ठिकाणी अजून ‘तुमच्या नावाची डबी’ ठेवतात: पेशंटच्या सुया डबीत, वर स्पिरिट, पुढच्या वेळी त्याच. हे ऐकायला काटकसरीचं वाटतं, पण स्पिरिटनं सुई पुसली जाते, निर्जंतुक होत नाही. त्याला ऑटोक्लेव्ह लागतो, १२१ अंश, १५ पौंड दाब, निदान पंधरा-वीस मिनिटं. डब्यांची अदलाबदल झाली की कावीळ ‘ब’ एकाची दुसऱ्याला. आणि दोन-चार वापरांत टोक हुकासारखं वळतं, मग सुई टोचत नाही, ओरबाडते. नवी सुई काही रुपयांत मिळते. हजारांचं पॅकेज विकणाऱ्यानं तिथं बचत करू नये. काढलेल्या सुया पांढऱ्या, टोक बाहेर न येणाऱ्या बंद डब्यात जायला हव्यात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत तसंच आहे. या केंद्रात प्रत्येक कॉटशी असा डबा आहे. काढताना सुया मोजतात, घातल्या तेवढ्या निघाल्या का ते कार्डावर लिहितात. ही मोजणी बाकीच्यांनी शिकण्यासारखी आहे, कारण केसांत किंवा पालथ्या पेशंटच्या पोटरीवर एखादी सुई राहून जाणं हा या धंद्यातला सर्वांत सामान्य निष्काळजीपणा.

आता टोचण्याकडे. जागा शोधण्याचं माप ‘चून’, म्हणजे पेशंटच्याच अंगठ्याची रुंदी. मनगटापासून कोपरापर्यंत बारा चून धरतात. गुडघ्याखालचा प्रसिद्ध बिंदू, ज्याला सगळे ‘एसटी छत्तीस’ म्हणतात, तो गुडघ्याच्या वाटीखालच्या बाहेरच्या खळगीपासून तीन चून खाली आणि नडगीच्या कडेपासून एक बोट बाहेर. थेरपिस्ट तिथं अंगठ्यानं दाबून बघतो, पेशंट ‘हां, तिथंच’ म्हणतो. स्पिरिटचा बोळा फिरवल्यावर ते वाळू देतात, हे लक्षात ठेवा. ओल्या स्पिरिटातून सुई गेली की चरचरतं आणि पेशंटला वाटतं, सुईच दुखली. ट्यूब कातडीवर टेकवतात, सुईचं डोकं ट्यूबच्या वर तीन-चार मिलिमीटर दिसतं, त्यावर तर्जनीची एक टिचकी. कातडीचा थर पार झाला, दुखण्याचा भाग संपला. मग ट्यूब काढून हातानं सुई दोन-अडीच सेंटिमीटर आत. मुठीपर्यंत कधीच घालायची नाही, कारण सुई मोडली तर मुठीच्या मुळाशीच मोडते. बाहेर पाव भाग राहिला तर चिमट्यानं काढता येते.

यानंतर थेरपिस्ट सुई दोन बोटांत धरून फिरवतो आणि विचारतो, ‘आलं का, मामा?’ जे यायचं असतं ते टोचणं नव्हे. खोलवर जडपणा, ठणका, कधी मुंग्या, कधी पावलापर्यंत सरकणारी कळ. चिनी भाषेत याला ‘दे-ची’ म्हणतात. त्याच वेळी थेरपिस्टच्या बोटांनाही काहीतरी कळतं: सुई जड होते, आतून कुणी धरल्यासारखी. हलकेच वर ओढली तर सुईभोवतीची कातडी तिच्याबरोबर उचलली जाते.

ही पकड भास नाही. व्हरमाँट विद्यापीठातल्या हेलेन लँजेव्हिन यांनी २००१ च्या सुमारास सुई उपसायला किती जोर लागतो ते यंत्रानं मोजलं. एकाच दिशेनं फिरवलेल्या सुईला नुसत्या घातलेल्या सुईपेक्षा दीडपटीहून जास्त वाढीव जोर लागला. मागे-पुढे फिरवलेल्या सुईला त्यापेक्षा कमी, पण न फिरवलेल्यापेक्षा जास्तच. कारण कातडीखालच्या संयोजी ऊतीतले कोलॅजनचे तंतू चातीवर सूत गुंडाळावं तसे सुईला गुंडाळले जातात. त्यांना ताण बसला की त्यात रुतलेल्या फायब्रोब्लास्ट पेशी पसरट होतात, आकार बदलतात. उंदरांच्या ऊतीत हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं. म्हणजे सुई स्थिर असली तरी आजूबाजूच्या दोन-चार सेंटिमीटर भागाला ओढ चालू राहते. आणखी एक गोष्ट त्याच कामातून निघाली: ठरलेल्या बिंदूंवर पकड इतर जागांपेक्षा जास्त होती, पण फक्त १८ टक्क्यांनी. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

या सगळ्याचा व्यवहारातला अर्थ असा, की सुई घालून थेरपिस्ट लगेच दुसऱ्या कॉटवर पळाला तर उपचार अर्धाच झाला. या केंद्रात दर सात-आठ मिनिटांनी कुणीतरी येऊन सुया फिरवून जातं. गर्दीच्या वेळी मात्र ही फेरी चुकते. अशा वेळी आवाज द्यावा, लाजू नये.

सुईभोवती दहा मिनिटांत रुपयाएवढा लाल डाग उठतो. तिथं ‘रक्ताभिसरण सुरू झालं’ असं सांगतात, ते बंद होतं असं समजून घाबरू नका. टोचल्यानं बारीक संवेदी नसा जाग्या होतात आणि त्या मेंदूकडे खबर पाठवता पाठवता आपल्याच शेजारच्या फांद्यांतून सीजीआरपी आणि सबस्टन्स-पी ही रसायनं बाहेर टाकतात. रक्तवाहिन्या रुंदावतात, भाग ऊबदार होतो. आखडलेल्या स्नायूला याचा उपयोग होतो, पण एवढ्यानं महिनाभराची कंबर सुटत नाही.

त्याहून वजनदार गोष्ट २०१० साली रॉचेस्टर विद्यापीठात मायकेन नेडरगार्ड यांच्या गटानं दाखवली. उंदराच्या पायात त्याच ‘एसटी छत्तीस’वर सुई घालून अर्धा तास ठेवली, दर पाच मिनिटांनी फिरवली. ऊतीतल्या द्रवात ॲडेनोसिन सुमारे २४ पट वाढलं. पेशीला इजा झाली की एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, बाहेर सांडतं, ते तुटून ॲडेनोसिन बनतं आणि जवळच्या वेदना-नसांवरच्या ए-वन ग्राहकाला (रिसेप्टरला, म्हणजे रसायनाचा संदेश घेणाऱ्या रेणूला) चिकटून ती नस शांत करतं. ज्या उंदरांत हा ग्राहकच नव्हता, त्यांना सुईनं काही आराम पडला नाही. ॲडेनोसिन लवकर मोडू न देणारं औषध दिलं तर आराम कितीतरी लांबला. आणि सुई न फिरवता नुसती ठेवली तर परिणाम झाला नाही. पुन्हा तेच: फिरवणं.

इथं एक स्थानिक प्रश्न येतो. केंद्राच्या कार्डावर ‘सिटिंगआधी दोन तास चहा-कॉफी घेऊ नये’ असं छापलंय, कारण दिलेलं नाही. विचारलं तर ‘उष्णता’ असं उत्तर मिळतं. खरं कारण मांडायचं तर कॅफिन हे ॲडेनोसिनच्या ग्राहकावर जाऊन बसतं आणि ॲडेनोसिनला जागा देत नाही. म्हणूनच चहानं झोप उडते. सुईच्या आधी कटिंग मारल्यानं माणसात किती नुकसान होतं हे वेगळं. पण सल्ला पाळायला काही जात नाही. मात्र चहा टाळायच्या नादात उपाशी जाऊ नका. चक्कर येणाऱ्यांत उपाशीपोटी आलेले जास्त असतात. एक चपाती-भाजी खाऊन जा. तांबड्या-पांढऱ्यावर आडवा हात मारून पालथं झोपणं मात्र तासभर सोसणार नाही.

जागेवरचं झालं. पुढचा टप्पा पाठीच्या कण्यातला. मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेली ‘गेट’ची कल्पना आता तपशिलात बरीच बदलली आहे, पण गाभा टिकून आहे: स्पर्श-दाबाच्या जाड नसांची खबर मज्जारज्जूत आली की वेदनेच्या बारीक नसांची खबर तिथंच दबते. दुखऱ्या जागी आपण हात चोळतो ते याचसाठी. पण चोळणं थांबलं की दुखणं परत येतं, तर सुईचा आराम काही तास, कधी दिवसभर टिकतो. म्हणजे रसायनं असणार. ती कोणती, याचा छडा नॅलोक्सोन या औषधानं लावला. नॅलोक्सोन मॉर्फिनचा परिणाम उलटवतं. १९७६ मध्ये टोरंटोच्या ब्रूस पोमेरान्झ यांनी उंदरांत आणि १९७७ मध्ये मेयर व सहकाऱ्यांनी माणसांच्या दातदुखीवर पाहिलं, की नॅलोक्सोन दिलं की सुईनं मिळालेला आरामही निघून जातो. सुई शरीराचीच अफूसारखी द्रव्यं मोकळी करते, हे तिथून स्पष्ट झालं.

बीजिंगच्या हान जिशेंग यांनी पुढे जाऊन सुयांना तारा जोडून दिलेल्या विजेच्या ठोक्यांचा हिशेब मांडला. सेकंदाला २ ठोके दिले तर त्याच द्रव्यांतलं एन्केफॅलिन आणि बीटा-एंडॉर्फिन वाढतं, १०० ठोके दिले तर डायनॉर्फिन. दोन्ही आलटून पालटून दिले तर सगळी एकदम. आणि रोज, लांबलचक वेळ दिलं तर परिणाम उतरत जातो, कारण शरीर त्याला उलट बांध घालतं. म्हणून आठवड्यात दोनदा आणि अर्धा तास हे माप बरोबर आहे; ‘सलग दहा दिवस रोज या’ म्हणणाऱ्या केंद्राची सोय तुमच्यापेक्षा त्यांच्या वेळापत्रकाची असते.

या केंद्रातलं मशीन सहा जोड्यांचं, चिनी बनावटीचं, २ आणि १०० ठोके आळीपाळीनं देणारं आहे. हाताळणी चांगली. सगळी बटणं शून्यावर आहेत हे बघून मगच क्लिपा लावतात, मग एकेक बटण हळूहळू वाढवत नेतात, स्नायू डोळ्यांना दिसेल इतका फडफडला की थांबतात. दहा मिनिटांनी शरीराला सवय होते, फडफड बारीक होते. तेव्हा अर्धा घर वाढवतात. उतरवताना आधी शून्य, मग क्लिप. उलटं केलं तर झटका बसतो. काही बारकावे मात्र पेशंटनंच बघावेत. प्लास्टिकच्या मुठीच्या सुईला मुठीवर क्लिप लावली तर वीज जातच नाही. तांब्याची तार गुंडाळलेली किंवा पोलादी मूठ हवी. क्लिपच्या वजनानं सुई आडवी होत असेल तर वायर चिकटपट्टीनं चादरीला टाचायला सांगा. एका जोडीची दोन टोकं शरीराच्या एकाच बाजूला ठेवलेली बरी. छातीच्या आरपार कधीच नाही. पेसमेकर असलेल्यानं मशीनला सरळ नकार द्यावा. फौंड्रीतल्या एका गड्यानं विचारलेला प्रश्न रास्त होता: ‘करंट आहे, मग भाजत कसं नाही?’ करंट दोन्ही दिशांनी आलटून पालटून जातो म्हणून. एकाच दिशेनं गेला तर सुईभोवती रसायनं साचून जखम होते आणि सुईही झिजते. जुनं, घरी दुरुस्त केलेलं मशीन दिसलं तर उठून या.

मेंदूतही बदल दिसतात. बोस्टनच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मनगटातली नस दबलेल्या ८० पेशंटवर केलेलं काम मला सर्वांत पटणारं वाटतं, आणि गुजरी-हुपरीच्या कारागिरांशी त्याचा थेट संबंध आहे. खऱ्या सुया आणि आत न जाणाऱ्या नकली सुया, दोन्हींनी बरं वाटल्याचं पेशंटनी सांगितलं. पण नसेतून संदेश जाण्याचा वेग मोजला तेव्हा तो सुधारला फक्त खऱ्या सुयांनी. मेंदूच्या पृष्ठभागावर दोन बोटांच्या जागा एकमेकींत सरकून गेल्या होत्या, त्याही पुन्हा वेगळ्या होऊ लागल्या. बरं ‘वाटणं’ आणि बरं ‘होणं’ यांच्यातली फट इतक्या स्वच्छपणे क्वचितच दिसते.

इथंच भिंतीवरच्या तक्त्याकडे वळायला हवं. तक्त्यात चौदा वाहिन्या, ३६१ बिंदू आणि त्यांतून वाहणारी ‘ची’, म्हणजे चिनी कल्पनेतली प्राणशक्ती. बिंदूंची नावं-जागा जागतिक आरोग्य संघटनेनं प्रमाणित केल्या आहेत. पण ते शिकवण्याच्या सोयीचं प्रमाणीकरण आहे, वाहिन्या सापडल्याचा दाखला नाही. शवविच्छेदनात वाहिनी सापडत नाही. लँजेव्हिन यांनी दंडावर ताडून पाहिलं तेव्हा ८० टक्के बिंदू स्नायूंमधल्या संयोजी ऊतीच्या फटींवर आले, म्हणजे जुन्या लोकांची बोटं काहीतरी खरं चाचपत होती. तरीही पकडीतला फरक १८ टक्के, जास्त नाही. आणि मोठ्या चाचण्यांतही चित्र तेच. जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या ११६२ पेशंटचे तीन गट केले. सहा महिन्यांनी खऱ्या ॲक्युपंक्चरच्या ४७.६ टक्के लोकांना फायदा, बिंदू सोडून वरवर टोचलेल्या नकली उपचाराच्या ४४.२ टक्के लोकांना, आणि गोळ्या-व्यायाम या नेहमीच्या उपचाराच्या २७.४ टक्के लोकांना. हे २००७ मध्ये छापून आलं आणि दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीचा आकडा उचलला.

अँड्र्यू विकर्स यांच्या गटानं २०१२ मध्ये २९ चाचण्यांतल्या १७,९२२ पेशंटची मूळ माहिती एकत्र करून एक समजायला सोपं उदाहरण दिलं. दुखणं शंभरपैकी ६० वर असेल, तर सुई न घेणाऱ्याचं ४३ वर येईल, नकली सुईवाल्याचं ३५ वर, खऱ्या सुईवाल्याचं ३० वर. म्हणजे एकूण १३ गुणांच्या फायद्यातले ८ हे झोपणं, स्पर्श, अपेक्षा, वरवरचं टोचणं यांचे आणि ५ खऱ्या सुईचे. नंतरच्या भरीच्या कामात असंही दिसलं, की वर्षभरानंतर फायदा १५ टक्क्यांच्या आसपासच घटतो. पाच गुण थोडे आहेत का? थोडे आहेत. पण पेशंट घरी घेऊन जातो ते तेराच्या तेरा.

त्या आठ गुणांत थेरपिस्टच्या वागण्याचा वाटा किती, हे हार्वर्डच्या टेड कॅपचक यांनी २००८ मध्ये आतड्याच्या त्रासाच्या २६२ पेशंटवर मोजलं. सगळ्या सुया नकली. नुसत्या प्रतीक्षा यादीतल्या २८ टक्के लोकांना पुरेसा आराम, न बोलता नकली सुई लावलेल्यांत ४४ टक्के, आणि पाऊण तास आपुलकीनं विचारपूस करून नकली सुई लावलेल्यांत ६२ टक्के. या फुटपट्टीवर राजारामपुरीचं केंद्र सकाळी उत्तम आणि संध्याकाळी काठावर पास. सकाळी थेरपिस्ट बसून ऐकतो, कामाची पद्धत विचारतो, कारागिराला पाट उंच करायला सांगतो. संध्याकाळी ‘कुठं दुखतंय, झोपा’ यात संपतं. म्हणून वेळ घ्यायची तर सकाळची घ्या.

एका बाबतीत मात्र जागेला खरंच महत्त्व दिसलंय. हार्वर्डच्या चिउफू मा यांच्या गटानं २०२१ मध्ये दाखवलं, की उंदराच्या मागच्या पायात ‘एसटी छत्तीस’जवळच्या खोल पडद्यात एका विशिष्ट जातीच्या नसा आहेत. तिथं अर्ध्या मिलिअँपियरचा सौम्य करंट दिला तर व्हेगस नस (मेंदूतून छाती-पोटाकडे उतरणारी) आणि ॲड्रिनल ग्रंथी यांच्यामार्फत शरीरभराचा दाह कमी होतो. पोटावरच्या बिंदूवर तोच करंट दिला तर होत नाही, कारण त्या नसा तिथं नाहीत. काम फार देखणं आहे. पण ते विष टोचलेल्या उंदरांवरचं आहे. त्याचा हवाला देऊन केंद्राच्या काउंटरवर ‘इम्युनिटी कोर्स’ची पत्रकं ठेवली आहेत, तिथं गुण कापावे लागतात. मधुमेहाच्या पत्रकाचे आणखी कापले. गोळी बंद करायचा सल्ला कुणी दिलाच, तर तिथून थेट आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे जा.

सुया आणि स्वच्छता पाचपैकी साडेचार, मशीन चार, हात चार, समजावून सांगणं दोन, पत्रकं शून्य.

बिघडतं कुठं, हेही माहीत असावं. जर्मनीतल्या सव्वादोन लाखांहून जास्त पेशंटच्या नोंदींत ८.६ टक्के लोकांना काही ना काही त्रास झाला. त्यातला बहुतेक म्हणजे थेंबभर रक्त किंवा निळा डाग. डाग पडला तर दोन मिनिटं दाबून धरावं, चोळू नये. चक्कर ही दुसरी. घाम, पांढरा पडलेला चेहरा, मळमळ. सुया लगेच काढायच्या, पेशंट आडवा, पाय वर. म्हणून पहिलं सिटिंग खुर्चीत बसून कधीच घेऊ नका, पैलवान असलात तरी. चक्कर दंडाचा घेर बघून येत नाही. तिसरं, सुई अडकणं. स्नायू आवळला किंवा एकाच दिशेनं जास्त पीळ दिला की सुई निघत नाही. जोरानं ओढायचं नसतं. फिरवली होती त्याच्या उलट फिरवायची, आजूबाजूला टिचक्या मारायच्या, नाहीतर दोन इंचांवर दुसरी सुई घालून पाच मिनिटं थांबायचं.

चौथी गोष्ट क्वचित होते पण गंभीर आहे. मान आणि खांदा यांच्या मधोमध जो उंचवटा, तिथं सगळ्यांचाच स्नायू दुखतो आणि सगळेच तिथं सुई मागतात. त्याच्या खाली फुप्फुसाचं टोक आहे. बारीक अंगाच्या माणसात ते दीड-दोन सेंटिमीटरवर असू शकतं. सरळ खाली घातलेली लांब सुई फुप्फुसाला भोक पाडते, हवा बाहेर साचते. लक्षणं कधी लगेच, कधी काही तासांनी: श्वास घेताना छातीत टोचणं, कोरडा खोकला, दम. असं झालं तर ‘सुईनंतर होतं असं’ हे ऐकत बसू नका, सीपीआर हे सरकारी रुग्णालय किंवा जवळचं दुसरं गाठून एक्स-रे काढा. नीट करणारा थेरपिस्ट तो स्नायू चिमटीत उचलून सुई आडवी घालतो. हे केंद्र तसंच करतं. इथं मी हाताला चार गुण दिले ते मुख्यतः यासाठी.

रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल, गरोदर असाल, निकेलची ॲलर्जी असेल, तर आधी सांगा. गरोदरपणात अंगठ्याजवळचा आणि घोट्यावरचा असे काही बिंदू परंपरेनं टाळतात. मधुमेहानं पावलं बधिर झालेल्यांनी पावलात सुई आणि मॉक्साचा (जळत्या वाळक्या वनस्पतीचा) शेक दोन्ही नको म्हणावं, भाजलेलं कळत नाही. आणि कंबरदुखीबरोबर पायातली ताकद गेली, लघवीवरचा ताबा सुटला, ताप किंवा विनाकारण वजन घट असेल, तर हा जिना चढायचाच नाही.

कागदपत्रांचं थोडं. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आणि त्याखाली परिषद आहे. थेरपिस्टचं नोंदणी प्रमाणपत्र भिंतीवर असतं, नसेल तर मागा. इथं आहे, तक्त्याच्या शेजारी फ्रेम करून. त्याच भिंतीवर डॉ. कोटणीसांचा फोटो. सोलापूरच्या या माणसाचा चीनशी संबंध खरा, पण ॲक्युपंक्चर भारतात आणलं ते त्यांच्याच १९३८ च्या पथकातल्या डॉ. विजयकुमार बसूंनी, १९५० च्या दशकाच्या शेवटी, कोलकात्यात. फोटो बदलायची गरज नाही, एक जोडला तरी चालेल.

राहता राहिले पैसे. काउंटरवर दहा सिटिंगचं पॅकेज, आगाऊ आणि परत न मिळणारं, असं आधी सांगतात. ते घेऊ नका. ‘सहाचे देतो, फरक पडला तर पुढचे’ असं म्हटलं तर एक-दोनदा मान हलवून तयार होतात. पहिल्या दिवशी घरून एक कागद लिहून न्या: दुखणं दहापैकी किती, न थांबता रंकाळ्याच्या काठानं किती चालता येतं, रात्री किती वेळा जाग येते, दिवसाला गोळ्या किती. सहाव्या सिटिंगनंतर तोच कागद पुन्हा भरा. दहापैकी निदान दोन आकडे उतरलेले नसतील तर सातव्याला जाऊ नका. उतरले असतील तर आठवड्याला एक, मग पंधरवड्याला एक असं लांबवत न्या, आणि सोबत फिजिओथेरपिस्टनं दिलेले व्यायाम चालू ठेवा, कारण सुईनं मिळालेल्या दोन-तीन दिवसांच्या सैलपणातच ते जमतात. सैल पायजमा किंवा गुडघ्यावर सरकेल असा सलवार घालून जा. जीन्स घालून आलेल्याला तिथं टॉवेल देतात, तो टॉवेल कधी धुतात ते मात्र विचारून घ्या.